सात ते नऊ रील बंद

इंटरनेटच्या धंद्यात बिघाड शोधायला थेट लोकांच्या घरात शिरावं लागतं, त्यामुळे किस्से न मागता साठतात. मी आखाडा बाळापूरला शकीलभाईंकडे कनेक्शन जोडायला आहे. बाजारामागच्या गल्ल्यांत मोबाइलची रेंज घरात पोचत नाही, म्हणून तिथे सगळे आमच्याच वायरीवर.

*

एकदा दहावीच्या पोरांच्या आया ऑफिसात आल्या. “भाई, संध्याकाळी सात ते नऊ ते रील तेवढं बंद करा. लेकरू पुस्तक उघडून न्हाई राहिलं.”

भाईंनी सगळ्यांचंच बंद केलं. माझ्या घरचंही. मला राग आला, पण मी पडलो नोकर माणूस.

*

दुसऱ्या दिवशी कांबळे सर आले. रिटायर्ड, जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेले.

“मी काय बघावं हे तुमी ठरवणार? सरकारचा नियम आहे, काहीच अडवता येत न्हाई.”

“माझी वायर, माझी मर्जी. सरकार काहून मधी? न्हाई पटलं तर दुसरी कंपनी बघा.”

“दुसरी आहे कुठं इथं?”

“ते सरकारनं बघावं.”

*

सर ऑनलाइन तक्रार करायला बसले. सरकारी वेबसाइट म्हणाली, आधी कंपनीकडे तक्रार करा आणि तिचा नंबर टाका. सर पुन्हा ऑफिसात. भाईंनी कोरं रजिस्टर काढून नंबर दिला: एक. पुराव्याचा व्हिडिओ अपलोड होईना, तेव्हा सरांचा स्पीडही वाढवून दिला.

“बराबर गेली का?” भाईंनी फोन करून विचारलं.

लायसन्स जाईल या भीतीने मला जेवण जाईना. भाई निवांत होते.

*

तक्रारीच्या चौकशीला सरकारी साहेब आले. म्हणाले, “सरसकट बंद चालणार नाही. ज्याच्या नावावर कनेक्शन, त्याने लिहून दिलं तरच. पुन्हा असं झालं तर लायसन्स रद्द.”

सर जिंकले. त्यांनी पेढे वाटले. भाईंनी दोन खाल्ले.

*

मग मी घरोघर फॉर्म घेऊन फिरलो. आया सही करायला तयार, पण कनेक्शनं नवऱ्यांच्या नावावर. नवरे म्हणाले, “माणसाला काही स्वातंत्र्य हाय का न्हाई?”

सहीचा फॉर्म एकच आला. सरांच्या घरचं कनेक्शन त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या नावावर होतं.

“नियमात बसतंय ना?” बाईंनी विचारलं.

“व्हय,” मी म्हटलं.

आता सर रोज सातला ऑफिसात येतात आणि पंख्याखाली मोबाइलवर रील बघत बसतात. बाईंचा फोन आला की भाई उचलतात.

“हायत ना, बाई. सर तक्रार लिहून राहिले.”