आगाशेबाईंचे ससे

आगाशेबाईंच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'आत ससे आहेत. त्यांना आपल्याशी काहीही बोलायचं नाही.'

आमची कंपनी सलाइन बनवायची. नव्वदीत बाजार खुला झाला आणि आमच्या बाटल्या परदेशी जाऊ लागल्या. मी तिथल्या ग्रंथालयात होतो. बाई तपासणी विभागाच्या प्रमुख. तयार सलाइन थोडं सशाच्या कानातल्या शिरेत टोचायचं आणि त्याचा ताप बघायचा. सशाला ताप आला तर माणसालाही येणार. तो सगळा माल फेकायचा. अडचण एकच होती. ससा नुसता घाबरला तरी त्याचं अंग तापतं.

एकदा मालक पाहुण्यांना घेऊन मोठमोठ्यानं बोलत आत शिरले. बाईंनी तिथल्या तिथे चाचणी रद्द केली.

"अहो बाई, एवढ्यानं काय होतंय?"

"आपण ओरडलात की आम्हा माणसांना ताप येतो. हे तर ससे आहेत."

बाई विश्रांतवाडीला राहायच्या. वरच्या मजल्यावरची ऋता नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली होती. ती बाईंना जिन्यात गाठायची. "काकू, इट्स सो क्रुएल! मुक्या प्राण्यांवर कसलं टेस्टिंग करता?"

"क्रुएल आहेच," बाई म्हणायच्या. "पण मागे आजारी पडलीस तेव्हा सलाइन लावून घेतलंस. मीही घेईन. तेव्हा आपण दोघी जिन्यात एकाच पायरीवर आहोत."

ऋताला ठाऊक नव्हतं, पण बाईंना ती खोली तिच्याहून जास्त बंद व्हायला हवी होती. पुढे काचेच्या नळीत करायची एक नवी चाचणी आली. सलाइन घालायचं, थांबायचं, निकाल बघायचा. सशाची गरजच नाही. मालक खूश. "उद्यापासून ससे बंद!"

"उद्यापासून नाही," बाई म्हणाल्या. "काही दिवस दोन्ही चाचण्या शेजारीशेजारी करू. निकाल जुळत राहिले तर कुलूप मीच लावते." निवृत्तीपूर्वी ते कुलूप लावायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बाजारात जाऊन त्या चांगलं पितळी कुलूपही घेऊन आल्या.

निकाल महिनोन्‌महिने जुळत राहिले. मग एका मालाला नळीनं चांगलं म्हटलं आणि सशांना ताप आला.

"घाबरले असतील," मालक म्हणाले. "तुम्हीच सांगता ना नेहमी?"

ससे घाबरलेच असावेत, असं त्यांनाही मनापासून वाटत होतं. थोड्या दिवसांनी त्यांनी त्याच मालासाठी दुसरे ससे घेतले, पंखा बंद केला, सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकट्या बसल्या. दुपारी ग्रंथालयात येऊन माझ्यासमोर खुर्चीत टेकल्या.

"तापले. ही नळी एकाच जातीचं विष ओळखते. यात दुसरंच काहीतरी आहे." चष्मा पुसत म्हणाल्या, "ज्यांना सोडवायला निघाले, त्यांनीच माझ्याविरुद्ध साक्ष दिली हो."

"पण नळी चांगलं म्हणतेय. कुणाला कळणार आहे?" मी विचारलं. मला त्यांची कीव आली होती.

"ज्याला टोचतील त्याला कळेल."

माल फेकला. मालक आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. "सशांना मानवली ती शांतता," बाई म्हणाल्या. खोली चालू राहिली, आणि ते पितळी कुलूप न लावताच बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात त्यांच्या कामाबद्दल भाषणं झाली. बोलायला उठणाऱ्या प्रत्येकाला त्या "थोडक्यात" एवढंच सांगत होत्या.

बऱ्याच वर्षांनी माणसाच्याच रक्तावर करायची चाचणी आमच्याकडे आली आणि सशांची खोली बंद झाली. मी बाईंना फोन केला.

"शेजारीशेजारी केल्या का दोन्ही?"

"केल्या. वर्षभर. सशांना ताप आला तो प्रत्येक माल हिनंही पकडला."

"रक्त कुणाचं?"

"माणसांचं. स्वखुशीनं दिलेलं."

"बरं झालं. ज्याचा ताप त्यानं मोजावा."

मग मला दोनदा हॅलो म्हणावं लागलं.

"आहे मी," बाई म्हणाल्या. आवाज घोगरा झाला होता. "रडत नाहीये. सर्दी झालीय. ठेवा आता."

त्या पावसाळ्यात बाई गेल्या. तो आमचा शेवटचा फोन. सर्दीचं मी अजूनही खरं मानलेलं नाही.