हंड्यांची आजीवन हमी

मंगळवारी सकाळी अक्का गेली. दुपारी तिचा फोन वाजला. चौकातली बाग ज्या कार्यालयाकडे आहे, तिथले अभियंता होते. हंडे पेटत नाहीत, बाईंना पाठवून द्या, म्हणाले. अक्का गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती वाजता?"

मी वेळ सांगितली. "मग हमी संपली," ते म्हणाले.

अक्का माझी थोरली बहीण. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. गारखेड्याच्या घरात आम्ही दोघंच. ती सोल्डरच्या धुरात, मी पुस्तकांत. कुणी काही नवं दाखवलं की ती एकच विचारायची, "मेल्यावर कोण बघणार?" विद्यार्थी महिनोन् महिने खपून प्रकल्प आणत, ती तो चालवून बघायची, मान डोलवायची आणि हे विचारायची. शेजाऱ्यांनी नव्या गाडीचे पेढे दिले तेव्हाही, पेढा तोंडात असताना, तिनं हेच विचारलं. रोख यंत्राच्या मरणाकडे असे की माणसाच्या, हे तिनं कधी उलगडून सांगितलं नाही. मुलं तिला मागं यमाबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

निवृत्तीनंतर तिनं बागेत हंड्यांची उतरंड उभी केली. तांब्याचे हंडे, एकावर एक. माणूस जवळ आला की सेन्सरला कळायचं, उजेड तळापासून वर चढायचा आणि हंडा भरत असल्याचा आवाज यायचा. आधी घोगरा, मग काठाशी येता येता बारीक. तो आवाज तिनं आमच्याच अंगणात, नळाला पाणी आलं त्या दिवशी घेतला होता. या शहरात पाण्याच्या दिवशी कुणी घर सोडत नाही. पहिल्याच आठवड्यात फुलंब्रीहून भाजी घेऊन येणारी एक बाई हंड्यांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "आमचा नळ ठणठणीत, अन् ह्यो सरकारी हंडा बघा कसा भरू राह्यला." अक्का इतकी खूश झाली की तिच्याकडची सगळी मेथी घरी घेऊन आली. "हिला कळलं," एवढंच म्हणाली.

करार करताना कार्यालयानं तीन वर्षांची हमी मागितली होती. अक्काला तो अपमान वाटला. "टीव्ही आहे का हा? आजीवन लिहा," म्हणाली. हंडे उभे आहेत तोवर त्यांची देखभाल होत राहील, असा तिचा अर्थ होता. बाई जिवंत आहेत तोवर बाई करतील, असा कार्यालयाचा. इतरांना आयुष्यभर विचारलेला प्रश्न त्या दिवशी तिनं कुणालाच विचारला नाही.

मग स्पीकरमध्ये कबुतरांनी घरटी केली. लोक हंड्यांवर पान थुंकले. उन्हाळ्यात आतली सर्किटची कार्डं जळाली. ते सेन्सर बनवणंच कंपनीनं बंद केलं, तेव्हा तिनं वरच्या हंड्याचा काढून खालच्याला लावला आणि वरचा हंडा मुका झाला. त्याच सुमारास तिची मूत्रपिंडं गेली. डायलिसिस सुरू झालं, पाणी मोजून प्यायचं. एकदा शहरात कुणी बडे पाहुणे येणार होते आणि हंडे बंद होते. कार्यालयाचा फोन दवाखान्यातच आला. ती हाताची पट्टी तशीच ठेवून रिक्षानं गेली, उन्हात बसून हंडे चालू केले. कोरड्या ओठांनी ते पाण्याचे आवाज ती तपासत होती. पाहुण्यांच्या गाड्या न थांबता पुढं गेल्या.

त्यानंतर ती मला घेऊन कार्यालयात गेली. माझ्यानंतर हे काम तुमच्याकडे, एवढं लिहून द्या, म्हणाली.

"आजीवन तर तुम्हीच म्हणालात ना बाई?" अभियंता म्हणाले.

"मी हंड्यांचं आयुष्य म्हणत होते."

"हंड्याला कुठला जीव? जीव तुम्हाला. तवर तुमचा जिम्मा."

"अन् पुढं?"

"पुढं भंगार. तुम्ही कशाला घोर लावून घेता?" माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिच्यासाठी गार पाणी मागवलं. तिनं पेल्याकडे बघितलं आणि तो माझ्याकडे सरकवला.

परतताना रिक्षात मला म्हणाली, "आता मेल्यावर कोण बघणार? तुला तर बल्ब बदलता येत नाही." आणि हसली. हसताना तिला धाप लागली.

दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. भटजी म्हणाले, त्यांचं काही राहिलं असेल तर बोला. नात्यातले एकेक जण बोलले. घर सांभाळू, भांडणार नाही, असं काय काय. कावळा झाडावरून हलला नाही. मग मी म्हणालो, "अक्का, हंड्यांकडे मी बघीन." तो उतरला, पिंडाला चोच लावली आणि उडाला.

घरी येताना रिक्षा चौकात अडली. बागेपुढं ट्रक आडवा लावला होता. हंडे त्यात पडले होते आणि दोन माणसं ते जास्त बसावेत म्हणून घणानं चेपत होती. माझ्या अंगावर अजून ओलं धोतर होतं. मी उतरलो, अक्काचं नाव सांगितलं. एकानं घण खाली ठेवला आणि म्हणाला, "त्या तर वारल्या ना? मंग?"

आता तिथं चौथरा आहे. त्यात पितळी पाटी बसवलेली आहे, ती निघाली नाही. बिघाड आढळल्यास कळवावे, असं तीवर लिहिलं आहे. खाली अक्काचा नंबर आहे. तिचा फोन मी रोज चार्ज करतो. अधूनमधून तो वाजतो. हंडे दिसत नाहीत, असं लोक सांगतात.