झोपाळ्याच्या कडीला टांगलेलं झाड

माझा पहिला नातू रांगायला लागला आणि नाताळ आला, ही दोन्ही एकदम यायला नको होती. आमच्या लहानपणी वटार गावात नाताळ म्हणजे दारात कागदाचा कंदील आणि कोपऱ्यात पेंढ्याचा गोठा. झाडबिड नंतर आलं. मुलाने लग्नानंतर ते घरात आणायला सुरुवात केली. समुद्रावर वाऱ्याने पडलेली सुरूची फांदी उचलून आणायची, तेलाच्या डब्यात वाळू भरून उभी करायची आणि सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत तिची वाळलेली पानं मी झाडत बसायची.

त्या वर्षी पोराचा पहिला नाताळ म्हणून त्याने मुंबईहून काचेचे गोळे आणले. लाल, निळे, सोनेरी. हातात घेतले तर अंड्याच्या टरफलाएवढे पातळ. सून मुंबईत नोकरीला. दोघं सकाळी अंधारात निघायची ती दिवेलागणीनंतर परत यायची. संध्याकाळी दोघांनी मिळून झाड सजवलं, पोराला कडेवर घेऊन दाखवलं, पोर हसलं, ती दोघंही हसली. सकाळी दोघं कामावर गेली आणि झाड, पोर आणि मी घरात उरलो.

मी चुलीवरचा भात उतरवायला आत गेले तेवढ्यात त्याने एक गोळा ओढून फोडला. बाहेर आले तर तोंड हलत होतं. मी बोट घालून तोंड उघडलं. त्याने मला कचकन चावलं, पण काचेचा तुकडा निघाला. नखाएवढा होता. हिरडीला थोडं रक्त आलं होतं. आणखी काही पोटात गेलंय का ते कळायला मार्ग एकच होता. मी दुसऱ्या दिवसापर्यंत त्याचा प्रत्येक लंगोट उजेडात धरून बघितला. काही निघालं नाही. पण ते बघायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी मी सांगितलं, गोळे काढा.

"आई, मग झाड कशाला म्हणायचं?" मुलगा म्हणाला. "तू जरा लक्ष ठेव ना."

"मी लक्षच ठेवते दिवसभर. भात कोण बघणार, तुझा बाप?"

माझा नवरा झोपाळ्यावर बसला होता. वाडीला पाणी देऊन आला की तो झोपाळ्यावर बसायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. त्याला पोर सांभाळायला सांगणं म्हणजे पोराला त्याला सांभाळायला सांगणं.

मग मी माझ्या परीने सुरुवात केली. झाडापुढे बाक आडवा टाकला. पोर बाकाखालून गेलं. कोंबड्या झाकायचा डालगा झाडाच्या डब्यावर घालून बघितला, तर फांदी बसेना. शेवटी मी त्याच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली आणि दुसरं टोक पलंगाच्या पायाला. आमच्या वाडीवर बायका पाणी लावायला जायच्या तेव्हा पोरं अशीच आंब्याला बांधलेली असायची. माझीही तशीच वाढली. पोर खुशीत खेळत होतं. सुनेला त्या दिवशी लवकर सुट्टी मिळाली आणि ती दारात उभी राहिली.

"आई, माझ्या मुलाला बांधलंय तुम्ही?"

"हो. मग झाडाला बांधू?"

तिने पट्टी सोडली, पोराला उचललं आणि रात्री जेवली नाही. मुलगा माझ्याकडे असा बघत होता जणू मी पोर विकलं. तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, पोर बांधायचं नाही, गोळे काढायचे नाहीत, झाड हलवायचं नाही, मग वर तरी टांगा.

सकाळी नवऱ्याला झोपाळ्यावरून उठवलं आणि झोपाळाच काढायला लावला. वाशाच्या कडीला काथ्याची दोरी ओवली, डबा बाजूला ठेवला आणि शेंड्याला बांधून झाड टांगलं. खालची फांदी माझ्या कमरेच्या वर आली. शेजारीण नाताळचं पीठ दळायला निघाली होती, ती दारात थांबली.

"काय गं बाय, झाडाला फाशी दिली?"

"दिली. गुन्हा मोठा होता."

ती गल्लीभर सांगत गेली. पोरं बघायला येऊ लागली. नवरा बाकावर बसून माझ्याशी बोलायचा बंद झाला, त्याचं मला काही वाटलं नाही. मी दोन वेळचा भात करपू न देता शिजवला.

पण समुद्राचा वारा दारातून येतो आणि टांगलेलं झाड गरगरतं. गोळे चमकत फिरायला लागले. पोर खाली बसून मान वर करून बघत राहायचं. मग एके दिवशी बाक धरून ते उभं राहिलं. तोवर कधी उभं राहिलं नव्हतं. वाऱ्याने फांदी त्याच्याकडे यायची, ते हात पुढे करायचं, फांदी परत जायची. मी भात टाकून त्याच्याजवळ उभी राहायला लागले. जे पोर निदान जमिनीवर होतं ते मी स्वतः उभं केलं.

संध्याकाळी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बघ, झाडामुळे पोरगा उभा राहिला."

नाताळच्या दिवशी सुनेला सुट्टी होती. चर्चमध्ये मिस्सा करून आलो आणि मी तिला म्हटलं, मी वडे आणि मटणाकडे बघते, तू पोर बघ. स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि आत बसले. बाहेरून आवाज येत होते. "नको." "सोड." "अरे, नको म्हटलं ना." बाक सरकवल्याचा आवाज. पोराचं रडणं. पाहुणे आले, त्यांना ती पाणीसुद्धा देऊ शकली नाही. उठली की पोर बाकाकडे. मग काच फुटल्याचा आवाज आला आणि ती ओरडली. मी धावत गेले. गोळा जमिनीवर फुटला होता, पोराच्या पायापासून वीतभर. त्याला लागलं नव्हतं. ती त्याला छातीशी धरून उभी होती.

तिने पोर माझ्याकडे दिलं, स्टुलावर चढली आणि एकेक गोळा काढून परातीत ठेवला.

मुलगा पाहुण्यांना पोहोचवून आला.

"हे काय, झाड भुंडं केलंस?"

"उद्या तू रजा काढ आणि घरी बस," ती म्हणाली. "मग परत लाव."

तो जेवायला बसला.

भांडी घासताना मी तिला विचारलं, गोळे ठेवलेस कुठे.

"माळ्यावर. हा शाळेत जायला लागला की काढू."

मी म्हटलं, तोपर्यंत दुसरं रांगत असेल. ती माझ्याकडे रागाने बघून आत गेली. पण गोळे माळ्यावर राहिले ते राहिलेच, कारण दुसरं आलं, आणि ते पहिल्यापेक्षा लवकर उभं राहिलं.