केक चालतो, आत्या चालत नाही

भावाचा मेसेज आला तेव्हा माझे दोन्ही हात मैद्याने माखलेले होते. दुसरीतल्या मुलाला म्हटलं, वाच रे काय म्हणतोय मामा. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "ताई, केकवर हे नाव टाक." मग नाव. त्यावर दोघं भावंडं नाचायला लागली, कारण मामाच्या मुलीचं नाव अख्ख्या जगात त्यांना सगळ्यात आधी कळलं होतं. मी म्हटलं, पुढे वाच. "येताना तुझं ते मार्बलचं लाटणं आण. वरवंट्याऐवजी लागेल. पाळण्यात घालायला आणि नाव सांगायला भाईंदरची ताई येतेय, त्यामुळे तू निवांत ये."

निवांत ये! मी मुलाला परत वाचायला लावलं. अक्षर न् अक्षर तेच होतं.

आमच्याकडे बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. आधी वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचं, मग बाळाला पाळण्यात घालायचं, आत्याने वाकून कानात 'कुर्र' करायचं आणि नाव सांगायचं. ती सांगते न सांगते तोच बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. भाईंदरची ताई म्हणजे आमची चुलत बहीण. बाईमाणूस म्हणून चांगली आहे, माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण या मुलीची सख्खी आत्या मी आहे. एकुलती एक. भावाला दुसरी बहीण नाही.

आणि माझी मुलं? वहिनीला दिवस गेल्यापासून त्यांची तालीम चालली होती. आईला सगळ्यांसमोर, तेही कौतुकाने, बदडायला मिळतं हे एकदा कळल्यावर त्यांना दम निघेना. मुलगी बाहुलीच्या कानात 'कुर्र' करायची, मुलगा उशीवर बुक्के मारून बघायचा आणि विचारायचा, "एवढ्या जोरात चालेल का गं?" मी म्हणायचे, हाणा रे, मनसोक्त हाणा, एकदाच मिळणार आहे.

हात धुऊन आईला फोन लावला. ती भावाकडेच राहते, मीरा रोडलाच, माझ्या पूनम सागरच्या घरापासून रिक्षात लागलेलं गाणं संपायच्या आत पोचावं एवढं अंतर. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली.

"आई, हे काय चाललंय?"

"कशाचं?"

"तुला माहितीये कशाचं."

 मग तिचा तो समजूत घालायचा मऊ आवाज लागला. "अगं, तू शहाणी आहेस. पहिलंच बाळ आहे. विहीणबाई चिपळूणहून आल्यात, त्यांच्याकडे हे सगळं फार बघतात. उद्या कुणी काही बोललं तर तुलाच त्रास होईल."

"म्हणून कुणी बोलायच्या आधी तूच बोलून घेतेस?"

"मी कुठे काय बोलले? ये, केक आण, पोटभर जेव. पुढे पुढे करू नकोस, एवढंच."

"आई, माझी दोन मुलं रोज माझ्या हातचं खातात. माझ्या कुशीत झोपतात. त्यांना काय झालं आजवर?"

"ती तुझीच आहेत गं," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटलाच.

माझा नवरा तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा मुलगी रांगत होती. 'विधवा' हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही, आम्ही सुधारलेली माणसं ना! आमच्याकडे म्हणतात, 'तिचं असं झालं ना.' टिकली लावू नकोस असंही कुणी म्हणत नाही, 'बारीक लाव' म्हणतात. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, पण असं, की जाणाऱ्यालाच आपलं आपण समजावं आणि डोकं दुखायला लागावं. मी दोन वर्षं शहाण्यासारखी डोकं दुखवून घेत होते. पण बारसं? माझ्या भावाच्या मुलीचं? ज्याचं शेंबडं नाक मी फ्रॉकला पुसलं, त्याने मला 'निवांत ये' लिहावं?

आमच्या विंगेतल्या गुजराती बेन नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक माझ्याकडून घेऊन गेल्या. त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं नाही. "अंडा तो नहीं है ना बेटा?" एवढं तीनदा विचारलं. मला वाटतं, देवाच्या दारात असाच हिशेब असेल, अंडं आहे की नाही तेवढं बघत असतील. आणि इथे माझी सख्खी आई! माझ्या हातचा केक बारशाच्या टेबलावर चालतो. त्या हाताने चाळलेला मैदा चालतो, त्या हातातलं लाटणं तर बाळ बनून पाळण्याखालून फिरणार आहे. पाळण्याला लागला की तोच हात अपशकुनी!

रागाच्या भरात मी क्रीम फेटायला घेतलं. बीटर चालू, डोकं चालू. क्रीमला मऊ टोकं यायला लागली की थांबायचं असतं, हे मी माझ्या केकच्या क्लासमधल्या बायकांना शंभरदा सांगते. माझं लक्ष कुठे होतं? थांबले तेव्हा भांड्यात क्रीम नव्हतंच, लोण्याचे गोळे आणि खाली पाणी. मुलगी डोकावून म्हणाली, "अय्या, आई, फाटलं!" मी तिच्यावर खेकसले. ती ओठ काढून बसली, मग तिला मांडीवर घेऊन बसावं लागलं, तोवर मुलगा खालच्या डेअरीतून क्रीमचं नवीन पाकीट घेऊन आला. नंतर ते लोणी आम्ही साखर घालून पोळीशी खाल्लं, पण ते नंतर.

दुसऱ्यांदा क्रीम नीट झालं. गुलाब आणि पिस्त्याचा केक, वहिनीच्या आवडीचा. मुलाने पिस्ते कुटले, त्यातले निम्मे खाल्ले. मुलीने कडेने साखरेचे मोती लावले, एक इथे तर दुसरा पार तिथे. मी ते सरळ केले नाहीत. मधली जागा सुबक, गुळगुळीत करून मी बॉक्स बंद केला.

"आई, नाव राहिलं," मुलगा म्हणाला.

"राहिलं नाही. लिहिणार नाहीये मी."

"पण मामाने सांगितलंय."

"मामाने सांगितलंय तर मामाला लिहू दे."

त्याने बहिणीकडे पाहिलं. आईचं डोकं फिरलं की जास्त विचारायचं नाही हे त्या दोघांना कळतं. लाटणं मात्र मी पिशवीत घातलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

दुसऱ्या दिवशी रिक्षात केकचा बॉक्स मांडीवर घेऊन बसले. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, खड्डे बघून, केक है." तो म्हणाला, "मॅडम, खड्डे छोडके रोड ही नहीं है." तेवढंच जरा हसू आलं.

भावाच्या हॉलमध्ये पाळणा झेंडूने सजवलेला, भिंतीवर गुलाबी फुगे, सोसायटीतल्या बायका खुर्च्यांवर, आमचे चार नातेवाईक सोफ्यावर. वहिनी कानाला रुमाल बांधून बसली होती. सिझेरियनच्या टाक्यांमुळे जपून हलत होती. मुलगी तिच्या मांडीवर, मुठी आवळून झोपलेली. मला पाहून वहिनीने तोंड भरून 'या ताई' म्हटलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही. मला वाटलं, हीसुद्धा त्यातलीच.

विहीणबाईंनी बॉक्स उघडला. "अगंबाई, किती सुंदर! पण नाव नाही घातलं?"

सगळ्या माना वळल्या. वहिनी म्हणाली, "ताई, नाव?"

"नाव आत्या सांगते बारशाला," मी म्हटलं, "त्याच्या आधी मी कसं लिहू? आत्याला विचारा." आणि चुलत बहिणीकडे बोट दाखवलं.

ती बिचारी अवघडून गेली. "मला नको गं मध्ये ओढू. काकूचा फोन आला म्हणून आले मी."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. "पण ताई, तुम्हीच नको म्हणालात ना?"

"कोण? मी?"

"आई म्हणाल्या, तुमचं मन होत नाहीये, आग्रह करू नका, तुम्हाला रडू येईल. मी म्हणून गप्प बसले. मला इतकं वाईट वाटलं ताई, की माझ्या मुलीचं नाव ठेवायलाही तुम्ही येत नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे मला बाजूला सारलं ते सारलंच, वर 'तिनेच नको म्हटलं' असं जाहीरही करून टाकलं! मी भावाकडे पाहिलं. तो भिंतीवरचा एक फुगा उगाचच नीट करत होता.

"तो फुगा सोड आणि इकडे बघ," मी म्हटलं. "तुला माहीत होतं?"

"ताई, आत्ता नको ना. लोक आहेत."

"लोक आहेत म्हणूनच विचारतेय. लोकांसाठीच चाललंय ना हे सगळं? आणि विहीणबाई, तुमच्याकडे चालत नाही म्हणे मी."

"माझ्याकडे?" विहीणबाईंचा आवाज एकदम चढला. "माझ्या नावावर कशाला खपवताय हो? मला कुणी विचारलंय काय? मी आपली सकाळपासून बघतेय, आत्या अजून कशी येत नाही!"

भाऊ लाल झाला. म्हणाला, "आईला टेन्शन येत होतं. मी म्हटलं, तिचं मन राहू दे."

"आणि माझं मन?" मी विचारलं. "माझं काय रे, ते तू कुठे ठेवलंस?"

तो परत फुग्याकडे वळला. सोफ्यावरचे नातेवाईक सरबताचे ग्लास न्याहाळत होते. तेवढ्यात वहिनी उठली. एक हात पोटाशी, एका हातावर मुलगी. कुणी तरी 'अगं हळू' म्हणालं. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "धरा ताई. तुम्ही नाव नाही सांगितलं तर आज बारसं नाही. आपण केक खाऊ आणि उठू."

मी धरलं. तेलाचा, धुरीचा, दुधाचा वास, आणि माझ्या कोपरात मावेल एवढं डोकं. मला रडू आलं नाही. मला रडू येईल असं ज्यांनी ठरवलं होतं त्यांच्यासाठी मी ते येऊही दिलं नाही.

चुलत बहिणीनेच पुढे होऊन लाटण्याला झबलं घातलं, टोपडं बांधलं आणि मोठ्या हौसेने पाळण्याखालून माझ्याकडे दिलं. मग मी मुलीला पाळण्यात घातलं, वाकले, 'कुर्र' केलं, नाव सांगितलं, आणि पाठीवर धबाधबा बुक्के पडले. माझा मुलगा तर उशीवरची सगळी तालीम वसूल करत होता. सोसायटीतल्या एक बाई हिंदीत विचारत होत्या, "अरे, बुआ को मार क्यों रहे हैं?" मग त्यांना कळलं आणि त्यांनीही एक दिला, चांगला सणसणीत. मी केकवर नाव लिहिलं. भावाने हळूच 'सॉरी' म्हटलं. मी म्हटलं, "तुझं सॉरी तुझ्याजवळ ठेव, नंतर बघू." अजूनही मी त्याला पुरतं माफ केलेलं नाही.

सगळ्या गडबडीत आई कुठे दिसली नव्हती. ती स्वयंपाकघरात होती, घुगऱ्यांच्या वाट्या भरत. बारशाला उकडलेल्या हरभऱ्यांच्या घुगऱ्या वाटतात, त्या. मी तरातरा आत गेले. जे काय बोलायचं ते आज बोलूनच टाकायचं असं ठरवून.

"खोटं का बोललीस तू? मी नको म्हटलं होतं?"

"तू नको म्हणालीस असं सांगितलं की तुझा मान राहतो," ती वाटीकडे बघत म्हणाली. "दुसऱ्याने नको म्हटलं की तो जातो. आपणच आधी मागे राहावं."

"कुणी शिकवलं तुला हे?"

ती पुढची वाटी भरायला लागली. माझ्या तेव्हा लक्षात आलं, की बाहेर पाळणा हलला, बुक्के पडले, टाळ्या वाजल्या, पण ही बाई एकदाही दारापर्यंत आली नव्हती. बाळाची आजी!

"चल बाहेर," मी म्हटलं. "पाळण्याला हात लाव."

"मी कशी येऊ गं?"

"कशी म्हणजे? रोज तिला न्हाऊ-माखू कोण घालतं? शेक कोण देतं? तू ना?"

"ते घरातल्या घरात. आज चार लोक आहेत."

मी तिचं मनगट धरलं आणि ओढलं. कणीक मळून मळून माझ्या हातात जोर आहे. पण तिने दुसऱ्या हाताने ओटा घट्ट धरून ठेवला आणि सोडला नाही. बाहेरून वहिनी हाका मारत होती, "आई, या ना, तुमच्यासाठी थांबलोय." तिने ओ दिली नाही. मला तिचा राग आला होता, आणि ज्यांनी कुणी तिला हे शिकवलं त्यांचा तर त्याहून जास्त.

शेवटी तिनेच हळूच माझी बोटं सोडवली. पदराने हात पुसला.

"कानात नाव सांगितलंस तेव्हा हसली का गं ती?" तिने विचारलं.

"बाहेर येऊन बघ की!" मी ओरडले.

"नको," ती म्हणाली. "तू सांग ना."