जेवणानंतरचा मुजरा

आमच्या गल्लीतल्या शिंप्यांना सगळे मास्तर म्हणत. माणसाचं पोट नुसतं पाहून ते कमरेचं माप सांगायचे. घरात मात्र त्यांचं बोलणं फारसं कोणी मनावर घेत नसे. बायको तर मुळीच नाही. म्हणूनच की काय, ढब्बू या त्यांच्या कुत्र्यावर मास्तरांचा फार जीव. ढब्बू जेवला की पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून त्यांच्यापुढे वाकायचा.

"मुजरा करतोय," मास्तर गिऱ्हाइकांना सांगत. "खाल्ल्या अन्नाला जागतो. नाहीतर आमच्या घरची माणसं."

आत भांडी जरा जोरात वाजत.

पुढे पुढे मुजरा लांबत चालला. ढब्बू ओठ चाटायचा, नुसतेच घोट गिळायचा, दुकानभर फेऱ्या मारून पुन्हा वाकायचा. मास्तर आणखीच खुलायचे.

एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाई माप द्यायला आल्या. मास्तरांनी हौसेने ढब्बूचं ताट त्यांच्यासमोर मांडलं. बघता बघता ताट साफ झालं आणि ढब्बू वाकला. बाईंनी कौतुक करायचं सोडून त्याच्या पोटाला कान लावला.

"मास्तर, पोट दुखतंय त्याचं. असं ताणलं की जरा बरं वाटतं."

"दुखत असतं तर ओरडला असता ना?"

"तो काही तुमच्यासारखा नाही," बायको आतून म्हणाली. "शिंक आली तरी घर डोक्यावर घेणारा."

"खायला कोण घालतं?" बाईंनी विचारलं.

"मी," मास्तर म्हणाले.

"मीही घालते," बायको पुटपुटली. "उपाशी दिसतो बिचारा."

बाईंनी ढब्बूला दवाखान्यात नेऊन नीट तपासलं. दोघांच्या हातचं खातो, तेही घाईघाईने गिळतो; एकानेच थोडं थोडं द्या, पसरट ताटात द्या, जेवताना त्याच्या डोक्याशी उभं राहू नका, असं बजावलं. "आणि पोट फुगलं, नुसतेच कोरडे उमासे आले, तर वाट न बघता घेऊन या."

मास्तर ढब्बूचं जेवण पसरून दाराबाहेर पाठ करून उभे राहू लागले. हळूहळू मुजरा बंद झाला. ढब्बू जेवायचा आणि खुशाल आडवा व्हायचा.

"आता ओळखसुद्धा दाखवत नाही," मास्तर म्हणाले.

"बरं वाटतंय त्याला," बायको म्हणाली.

"दिसतंय मला." मास्तर खाली बसले. ढब्बूच्या मऊ पोटावर त्यांनी हात ठेवला. "दुखत होतं गं त्याला. आणि मी लोकांना बोलावून दाखवत होतो."

दारात गिऱ्हाईक येऊन थांबलं. बायको पुढे झाली.

"उद्या या," ती म्हणाली. "मास्तर कामात आहेत."