पाळणाघरातली शहाणी मुलं

मी आत पाऊल टाकलं आणि सगळी मुलं उठून उभी राहिली. हाताची घडी घातली आणि एका सुरात म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस."

मी दारातच थबकले. पाळणाघरातली मुलं असं करत नाहीत. ती रडतात, एकमेकांचे केस ओढतात, अनोळखी बाई दिसली की सांभाळणाऱ्या बाईच्या पदराआड लपतात. हाताची घडी नर्सरीत शिकवतात.

बंगळुरातल्या बोम्मसंद्र्यातला हा कपड्यांचा कारखाना. इथे एका परदेशी ब्रँडचे शर्ट शिवले जातात. माझं काम सोशल ऑडिटचं. म्हणजे शर्ट कसा शिवलाय ते नाही, शिवणाऱ्या बाईला तिच्या हक्काचं मिळतंय का ते बघायचं आणि ब्रँडला कळवायचं. बायका ठरावीक संख्येपेक्षा जास्त असल्या की कारखान्यात पाळणाघर हवंच, असा कायदा आहे. इथलं तर फोटो काढून लावावा असं होतं. भिंतीवर जिराफ, कोऱ्या चादरी, खेळण्यातल्या एकाही मोटारीचं चाक निखळलेलं नाही.

"छान आहे," मी म्हणाले.

एचआर मॅनेजर प्रकाश खुलला. "वर्कर्सची मुलं म्हणजे आमचीच मुलं, मॅडम."

मी खुर्ची ओढून तिथेच बसले.

"शिलाईचा फ्लोअर बघायचा ना, मॅडम?"

"बघू की. घाई काय आहे?"

मी चहाच्या सुट्टीची वाट बघत होते. पाळणाघर खरोखर चालू असेल, तर सुट्टीची घंटा झाली की मुलांच्या आया धावत येतात. चहा राहिला तरी चालतो, पोराला आधी जवळ घेतात. घंटा झाली. मी दाराकडे बघत होते, प्रकाश माझ्याकडे बघत होता. एकही बाई आली नाही. मुलांपैकी एक चिमुरडी मात्र उठली, प्रकाशच्या पायाला बिलगली आणि म्हणाली, "अप्पा, मनेगे होगोणा." बाबा, घरी जाऊ या.

पठ्ठ्याने लेकीच्या नर्सरीचा अख्खा वर्गच उचलून आणला होता. आमचीच मुलं म्हणाला ते निदान एकीपुरतं खरं होतं.

"मॅडम, स्वल्प अॅडजस्ट माडी," तो हळूच म्हणाला. थोडं सांभाळून घ्या. रिक्षात चौथा माणूस कोंबण्यापासून कायदा वाकवण्यापर्यंत बंगळुरात याच एका वाक्यावर भागतं. मला हसू आवरेना, पण अॅडजस्ट मी केलं नाही.

दुपारी कामगारांशी एकेकटं बोलायचं असतं, मॅनेजरला बाहेर ठेवून. त्यातली शिलाईवरची महादेवी (नाव मी बदललंय) निपाणीकडची निघाली. मी बेळगावची. मराठी ऐकल्यावर ती मोकळी झाली.

"त्या पाळणाघराला कुलूप असतंय, अक्का. तुमच्यासारखं कोण आलं की उघडतेत."

तिची तान्ही लेक गावी सासूकडे होती. "फोनवर मी दिसले की तोंड फिरवतीया. वळखतच न्हाई. आता नोकरी सोडून गावाकडं जाणार बघा. पण मग घर कशावर चालायचं?"

मला फार राग आला. पण रिपोर्टात तिचं नाव घातलं असतं तर तिच्यावरच बालंट आलं असतं. म्हणून मी एवढंच लिहिलं, की चहाच्या सुट्टीत एकही आई पाळणाघरात आली नाही. हे मी स्वतः बघितलेलं होतं. कुणी सांगितलं, हा प्रश्नच उरला नाही.

पुढच्या आठवड्यात ब्रँडच्या कंप्लायन्स हेड, म्हणजे कारखाने नियम पाळतात का ते बघणाऱ्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला. बाई भडकल्या होत्या. "हे फारच सीरियस आहे. आम्ही ऑर्डर दुसरीकडे हलवतो."

"म्हणजे जिला पाळणाघर हवंय तिचीच नोकरी घालवता," मी म्हणाले. "हे तर आजारापेक्षा औषध जालीम झालं."

"मग काय करू?"

"ऑर्डर इथेच ठेवा. पुढची मात्र पाळणाघर रोज उघडं असेल तरच द्या. आणि मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या पगाराचा वाटा उचला. नियम तुमच्या वेबसाइटवर आहे आणि शर्टही तुमच्याच दुकानात विकले जातात."

"विचारून सांगते," बाई म्हणाल्या. झालं, गेलं पाण्यात, असं मला वाटलं. पण ती बाई जिद्दीची निघाली. वरच्यांशी भांडून दोन्ही गोष्टी मंजूर करून घेतल्या. पुढची ऑर्डर अडकली म्हटल्यावर कारखान्याच्या मालकांनाही कुलपाची किल्ली सापडली.

काही महिन्यांनी मी न कळवता गेले. जिन्यातच कालवा ऐकू आला. जिराफाच्या पायावर खडूच्या रेघोट्या होत्या. एक मोटार तीन चाकांवर आली होती. प्रकाशच्या कडेवर कुणाचंतरी पोर होतं आणि शर्टावर नाचणीची पेज. "या, मॅडम," तो म्हणाला आणि या खेपेला अॅडजस्टचं नावही काढलं नाही.

मी दारातच खुर्ची टाकून बसले, तेवढ्यात घंटा झाली. बायकांचा असा लोंढा आला की मी खुर्चीसकट भिंतीला लागले. त्यात महादेवी होती. तिने गावाहून आणलेल्या लेकीला उचललं आणि माझ्यासमोर आणलं. पोरीने मला नीट न्याहाळलं आणि तोंड फिरवून आईच्या मानेत खुपसलं.

"बघा अक्का," महादेवी हसत म्हणाली, "आता तुमाला बघून फिरवतीया."

इतका आनंद मला कुठल्याच ऑडिटमध्ये झाला नव्हता.

तेव्हापासून नव्या ऑडिटरना मी एकच सांगते. पाळणाघर तपासायचं तर जिराफ बघू नका, घंटा होईपर्यंत बसून राहा. फक्त खुर्ची दारात टाकू नका.