नावं मी नाय दिली!

आधीच सांगते, मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. उतारे, अंगात येणं, भूतबाधा... असलं काही माझ्यासमोर काढलंत तर भांडण होतं. तरी हे लिहितेय, कारण ते मी एकटीने नाही, बत्तीस जणांनी ऐकलं. हसायचं असेल तर खुशाल हसा.

लालबागला आमची चाळ पाडून टॉवर झालाय. माझ्या शेजारी सुलूमावशी राहते, वय सत्त्याण्णव. बेचाळीसच्या चळवळीत ती जेमतेम चौदा वर्षांची होती. आईची खानावळ, ही गिरणीत डबे पोचवायची आणि भाकरीखाली इंग्रजांविरुद्धची पत्रकं असायची. सोबत चाळीतलेच पाच जण. ही पकडली गेली, पोलिसांनी तळपायांवर मारलं, पण एकाचंही नाव हिने दिलं नाही. शपथ होती. ते पाचही आता हयात नाहीत.

नव्या लॉबीत या सहा जणांच्या नावांचा बोर्ड लागावा, एवढंच माझं म्हणणं. आमचे सेक्रेटरी (त्यांना खेडेकरकाका म्हणू) म्हणाले, "मॅडम, नावं कुठायत? रविवारपर्यंत आणा, नाहीतर त्या भिंतीवर मोठा आरसा लावतो." आरसा! माझं डोकंच फिरलं.

मोबाइलवर मावशीचं बोलणं रेकॉर्ड केलं. सगळं सांगितलं तिने, पण नाव आलं की ठप्प. "पत्रकं आणून द्यायचा तो..." आणि गप्प. असं पाच वेळा.

"मावशी, इंग्रज कधीच गेले. आता तरी सांग ना!"

"संपायची तारीख औषधाच्या गोळ्यांना असते, बाय. शपथेला नाय."

रविवारी सकाळी अकराला सोसायटीची मीटिंग, हॉलमध्ये आम्ही बत्तीस जण. नावं नाहीत तर नाहीत, तिचा आवाज तरी ऐका, म्हणून मी फोन हॉलच्या स्पीकरला जोडला. "पत्रकं आणून द्यायचा तो..." मावशी थांबली. आणि एक कोवळा, पुरुषी आवाज आला — "गोपाळ सावंत."

आई शप्पथ, अंगावर सर्रकन काटा आला! पुढच्या रिकाम्या जागी दुसराच, घोगरा आवाज — "सखाराम कांबळे." मग "इस्माईल शेख." मग एक बाई, जराशी हसत — "काशी घाडी." शेवटी "बाबू परब." खेडेकरकाका मिनट्स लिहीत होते. पाचही नावं त्यांच्याच अक्षरात उतरली.

"एडिटिंग मस्त केलंय हां," मागून कोणीतरी बोललं. मी फोन त्याच्या हातात कोंबला. "घे. तूच वाजव."

त्याने वाजवलं. पाचही जागा रिकाम्या... नुसता मावशीचा श्वास. नंतर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, तो साउंड इंजिनिअर आहे, फाइल तपासली. त्यालाही काही सापडलं नाही.

मिनट्सची वही घेऊन मी तडक वर गेले. "मावशी, नावं आली!"

ती भडकलीच. "मी नाय दिली! कोण बोलतो मी दिली?" काठी आपटली तिने. मी एकेक नाव वाचलं. डोळे मिटून ऐकत होती. काशीचं नाव आलं आणि ती रडायला लागली. मलाही राहवेना.

"सगळी आली," ती म्हणाली. "पण सांगितली कोणी?"

मी हॉलमधले आवाज सांगितले. तिने पदराने डोळे पुसले आणि चक्क ताठ बसली.

"मग झालं तर. शपथ दुसऱ्याचं नाव न देण्याची होती. आपलं आपण सांगायला कोणाची बंदी?"

बत्तीस जणांना एकाच वेळी भास होतो का? मला नाही माहीत. गणित सुटलेलं नाही, सुटेल असं वाटतही नाही. पण बोर्ड लागलाय, सहाही नावं आहेत. आरसा ज्याला हवाय त्याने आपल्या घरी लावावा.